प्रोफेसर एफ्राईम कात्झीर : शास्त्रज्ञ आणि राष्ट्राध्यक्ष

सिनेगॉगच्या स्मरणिकेत आपल्या समाजातील कर्त्या माणसांचे परिचय छापण्याची रीत जुनी आहे, आणि ती तशीच चालू राहावी. या खेपेस मात्र आम्ही एक चरित्र समाजाबाहेरचे निवडले आहे. ज्या देशात आपण आलिया करून आलो, मुलेबाळे वाढवली, त्या इस्राएल देशाचे चौथे राष्ट्राध्यक्ष प्रोफेसर एफ्राईम कात्झीर यांचे हे चरित्र. १९७३ ते १९७८ अशी पाच वर्षे ते त्या पदावर होते. त्या काळात आपल्यापैकी कोणी दिमोनाच्या कापडगिरणीत होते, कोणी अश्दोदच्या बंदरात, कोणी लोदच्या विमान कारखान्यात. सरकारी कचेरीत गेल्यावर भिंतीवर त्यांचे छायाचित्र दिसे. पण हे गृहस्थ मूळचे कोण, त्यांनी कोणते काम केले, आणि त्या खुर्चीपर्यंत ते कोणत्या वाटेने आले, हे त्या धावपळीत पुष्कळांना नीट कळले नाही. हिब्रू वर्तमानपत्र वाचण्याइतकी भाषा तेव्हा आपल्या सर्वांनाच कोठे येत होती? म्हणून त्यांची हकिगत आपल्या मराठीत सांगावी असे आम्ही ठरवले.

शास्त्रज्ञाने राष्ट्राच्या सर्वोच्च पदावर बसावे ही गोष्ट जगात क्वचितच घडते. आपल्या जन्मभूमीत, भारतात, ती २००२ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या रूपाने घडली. इस्राएलात ती दोनदा घडली, आणि आणखी दोनदा घडता घडता राहिली. पहिले राष्ट्राध्यक्ष डॉ. खाइम वाइझमन हे रसायनशास्त्रज्ञ. पिष्ठमय धान्य सूक्ष्म जंतूंकडून आंबवून त्यापासून असिटोन मिळवण्याची रीत त्यांनी शोधली, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराला दारूगोळ्यासाठी ती फार उपयोगी पडली. १९५२ च्या नोव्हेंबरात वाइझमन वारले तेव्हा ते पद प्रोफेसर अल्बर्ट आइनस्टाइन यांना देऊ करण्यात आले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यानंतर बेन-झ्वी व शाझार असे दोन अध्यक्ष झाले. पुढे १९७३ साली जे नाव पुढे येईल असे पुष्कळांना वाटत होते तेही एका शास्त्रज्ञाचेच होते, पण ते एफ्राईम यांचे नव्हते. ते त्यांच्या थोरल्या भावाचे होते. हा भाग पुढे येईलच.

एफ्राईम यांचा जन्म १६ मे १९१६ रोजी युक्रेनमधील कीव शहरात झाला. घराण्याचे आडनाव कातचाल्स्की. वडिलांचे नाव यहूदा, आईचे त्सिला. महायुद्ध, मग रशियातील राज्यक्रांती, ज्यू वस्त्यांवरील हल्ले अशा दिवसांत ते कुटुंब आधी पोलंडात गेले आणि एफ्राईम लहान असतानाच तेथून इस्राएलच्या भूमीवर येऊन यरुशलेमात राहिले. तेव्हा तेथे ब्रिटिशांचा अंमल होता. अहारोन आणि एफ्राईम ही दोन्ही मुले रहाविया भागातील नावाजलेल्या विद्यालयात शिकली आणि पुढे दोघेही स्कोपस टेकडीवरील हिब्रू विद्यापीठात गेले. विद्यापीठ नवे होते, विद्यार्थी मोजके, साधने त्याहून मोजकी. एफ्राईम यांनी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जंतुशास्त्र असे सगळे चाखून पाहिले आणि अखेर रसायनशास्त्रावर येऊन स्थिरावले. १९३७ साली त्यांनी एम.एस्‌सी. पदवी घेतली व १९४१ साली डॉक्टरेट मिळवली.

दिवसा प्रयोगशाळा आणि रात्री कवायत असा तो काळ होता. हगाना या स्वसंरक्षण दलाने अधिकाऱ्यांसाठी जो पहिला अभ्यासवर्ग काढला, त्यातून एफ्राईम १९३९ साली उत्तीर्ण झाले आणि विद्यार्थ्यांच्या तुकडीचे नायक झाले.

आता त्यांच्या शास्त्रीय कामाविषयी. ते जरा सावकाश सांगावे लागेल, कारण माणूस समजण्यासाठी त्याचे काम समजले पाहिजे.

आपल्या शरीरातील स्नायू, रक्त, केस, नखे, पचनाचे रस, सगळ्यांत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची एक लांब माळ आहे असे समजावे. हे मणी म्हणजे अमिनो आम्ले. त्यांचे मुख्य प्रकार वीस. वीस रंगांचे शेकडो मणी निरनिराळ्या क्रमाने ओवले की निरनिराळी प्रथिने तयार होतात. त्या काळी ही माळ इतकी गुंतागुंतीची वाटे की कोणत्या मण्यामुळे कोणता गुण येतो हे उकलणे अशक्यच होते. तरुण एफ्राईम यांनी सोपा विचार केला. वीस रंगांची माळ समजत नाही ना, मग एकाच रंगाची माळ स्वतः ओवून पाहावी. लायसीन नावाच्या एकाच अमिनो आम्लाचे मणी जोडून त्यांनी पॉलिलायसीन नावाचा पदार्थ तयार केला. एकरंगी माळ समजली की दुरंगी करावी, मग तिरंगी. लहान मूल बाराखडी शिकते तशी ही प्रथिनांची बाराखडी त्यांनी मांडली. वरून पाहता साधी वाटणारी ही कल्पना पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासताना त्या काचेला नीट चिकटून राहाव्यात म्हणून काचेवर पॉलिलायसीनचा हात देतात, हे आपल्या घरातील जी मुले-नातवंडे प्रयोगशाळांत काम करतात ती सांगतील.

दुसरे महायुद्ध संपल्यावर ते अधिक शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक संस्थेत, कोलंबिया व हार्वर्ड विद्यापीठांत त्यांनी काम केले. १९४८ साली राष्ट्राची स्थापना होताच युद्ध पेटले. सैन्याच्या विज्ञान दलाचे, ज्याला हेमेद म्हणत, प्रमुखपद एफ्राईम यांच्याकडे आले. वय अवघे बत्तीस. शस्त्रे कोणी विकत देत नव्हते, तेव्हा विद्यापीठातील मुलांनीच ती बनवायची, असा तो मामला होता.

युद्ध थांबल्यावर दोघे भाऊ रहोवोतला आले. तेथे १९३४ पासून वाइझमन यांची एक लहान संशोधन संस्था होती, तिचाच विस्तार होऊन १९४९ च्या नोव्हेंबरात वाइझमन विज्ञान संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. अहारोन यांनी बहुवारिक पदार्थांचा, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या पदार्थांचा विभाग उभा केला, एफ्राईम यांनी जीवभौतिकीचा. पुढली जवळजवळ चोवीस वर्षे एफ्राईम त्या विभागाचे प्रमुख होते. त्याच वर्षांत आपली माणसे मुंबईहून येऊन माबारोतच्या तंबूंत आणि पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढत होती, साखर-अंडी शिधापत्रिकेवर मिळत होती. अशा देशाने प्रथिनांच्या माळा ओवण्यावर पैसा खर्च करावा काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर आम्हीही कदाचित मान हलवली असती. पण त्या खर्चातून काय निघाले ते पाहण्यासारखे आहे.

एफ्राईम यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले मायकेल सेला हे पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. १९६१ साली अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग जनुकांची सांकेतिक भाषा उलगडत होते. त्यांच्या हाती जो पदार्थ आला होता तो कशातही विरघळेना. सेला तेव्हा तेथेच होते. रहोवोतला एकरंगी माळांवर काम करताना या पदार्थासाठी कोणता द्राव चालतो हे ठाऊक झाले होते. त्यांनी ते सांगितले आणि अडलेले काम पुढे सरकले. पुढे सेला, रूथ अर्नोन आणि द्वोरा टाइटलबाउम यांनी चाररंगी माळेचा, म्हणजे चार अमिनो आम्लांचा, एक पदार्थ तयार केला. मज्जातंतूंवरील आवरण झिजवणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगावर तोच पदार्थ कोपाक्सोन या नावाने औषध म्हणून आला आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या रोगाने पाय गेलेली तरुण माणसे ज्यांनी पाहिली असतील त्यांना त्या औषधाचे मोल सांगायला नको.

त्यांचे दुसरे काम याहून आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचे आहे. दूध विरजताना आपण चमचाभर विरजण घालतो. दही होते, पण घातलेले विरजण त्यातच मिसळून जाते, पुन्हा वेगळे काढता येत नाही. कारखान्यांतही तसेच होई. शरीरात जी रासायनिक कामे चटकन होतात ती विकरे, ज्यांना इंग्रजीत एन्झाइम म्हणतात, ती घडवून आणतात. अशी महाग विकरे कारखान्यात एकदा घातली की मालाबरोबर वाया जात. पुलावात अख्खा मसाला थेट न टाकता फडक्याची पुरचुंडी करून सोडली, तर स्वाद उतरतो आणि पुरचुंडी उचलून घेता येते. एफ्राईम व त्यांचे सहकारी यांनी विकरांचे तसेच केले. न विरघळणाऱ्या कणांना त्यांनी ती रासायनिक बंधाने जखडून टाकली. वरून द्राव सोडायचा, तो त्या कणांमधून झिरपत जातो, खाली तयार माल मिळतो, आणि विकर जागच्या जागी राहते, पुन्हा पुन्हा वापरता येते. मक्याच्या पिठापासून शीतपेयांसाठी गोड पाक करण्यात आणि पेनिसिलिनचे नवे प्रकार बनवण्यात ही तऱ्हा जगभर रूढ झाली. हा शोध कारखान्यात मोठ्या प्रमाणावर प्रथम कोणी वापरला? १९६९ साली जपानच्या तानाबे सेइयाकू या औषध कंपनीने. जपानचे नाव येथे प्रथम आले; ते पुन्हा येणार आहे.

या सुमारास मानसन्मानही आले. १९५९ साली इस्राएल पारितोषिक मिळाले. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांस सभासद करून घेतले. असा मान मिळवणारे ते पहिले इस्राएली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी सरकारी संशोधनाची घडी बसवण्यासाठी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि निरनिराळ्या खात्यांत मुख्य शास्त्रज्ञ नेमण्याची पद्धत त्या समितीच्या शिफारशीतून आली. १९६६ ते १९६८ या काळात, म्हणजे सहा दिवसांच्या युद्धाच्या वेळीही, ते संरक्षण खात्याचे मुख्य शास्त्रज्ञ होते.

थोरले अहारोन यांचेही नाव तेवढेच मोठे, किंबहुना जनमानसात अधिक. पातळ पडद्यातून पाणी व क्षार कसे पार होतात याची जी समीकरणे त्यांनी ओरा केडेम यांच्यासोबत १९५८ साली मांडली, ती शास्त्राच्या पुस्तकांत दोघांच्या नावाने शिकवली जातात. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणे, मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्याचे रक्त यंत्राने शुद्ध करणे, या कामी पडद्यांचे हे शास्त्र लागते. ते देशाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते, उत्तम वक्ते होते. शाझार यांची मुदत संपल्यावर राष्ट्राध्यक्ष कोण, या चर्चेत त्यांचे नाव घेतले जाई.

३० मे १९७२, मंगळवारची रात्र. लोदचा विमानतळ आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी हातात ट्रंक आणि कडेवर मूल घेऊन या भूमीवरील पहिले पाऊल तेथेच टाकले. त्या रात्री रोमहून आलेल्या विमानातून तीन जपानी तरुण उतरले. सामान आले, त्यांनी पेट्या उघडल्या, आतून बंदुका व हातबाँब काढले आणि समोरच्या गर्दीवर मारा सुरू केला. ते जपानी रेड आर्मी नावाच्या टोळीचे होते आणि एका पॅलेस्टिनी संघटनेसाठी हे काम करायला आले होते. जपानी माणसावर कोणाचा संशय जाणार? सव्वीस माणसे मारली गेली. त्यांत सतरा जण प्वेर्तो रिको बेटावरून पवित्र भूमीच्या यात्रेला आलेले ख्रिस्ती यात्रेकरू होते, एक कॅनडाचा नागरिक आणि आठ इस्राएली. सुमारे ऐंशी लोक जखमी झाले. मृत इस्राएलींपैकी एक होते प्रोफेसर अहारोन कात्झीर. परदेशातून ते त्याच वेळी परत आले होते. हल्लेखोरांतील दोघे जागीच मेले. कोझो ओकामोतो नावाचा तिसरा जिवंत पकडला गेला व त्यास जन्मठेप झाली.

ती बातमी ज्या सकाळी पसरली ती सकाळ आपल्या वडील मंडळींना आठवत असेल. जपानच्या सरकारने खास दूत पाठवून इस्राएलजवळ दिलगिरी व्यक्त केली.

वर्ष उलटण्याच्या आत मजूर पक्षाने एफ्राईम यांस राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले. पक्षांतर्गत निवडीत त्यांनी यित्झाक नवोन यांच्यावर मात केली आणि १० एप्रिल १९७३ रोजी क्नेसेतमध्ये त्यांस सहासष्ट मते पडली. प्रतिस्पर्धी प्रोफेसर उर्बाख यांस एक्केचाळीस. २४ मे रोजी त्यांनी शपथ घेतली. भावाच्या मृत्यूला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. अध्यक्षाचे नाव हिब्रू असावे म्हणून त्यांनी कातचाल्स्की हे घराण्याचे नाव मागे ठेवून कात्झीर हे नाव घेतले. अहारोन यांनी हेच नाव आधी लावले होते. हिब्रूत कात्झीर म्हणजे पिकाची कापणी, सुगी.

आमच्या मते ही गोष्ट साधी नाही. जे पद भावाकडे जाईल असे लोक म्हणत होते ते आपल्याकडे यावे, आणि भावाने निवडलेल्या नावाने ते आपण भूषवावे, हे मनाला किती जड गेले असेल! राजकारणाची त्यांना हौस नव्हती. तरी त्यांनी प्रयोगशाळा सोडली व यरुशलेमच्या राष्ट्राध्यक्ष निवासात राहायला गेले.

साडेचार महिने झाले नाहीत तोच योम किप्पूर आला. आपली जुनी माणसे ज्याला दरफाळणीचा सण म्हणत, तो उपासाचा, दारे लावून घेण्याचा दिवस. ६ ऑक्टोबर १९७३. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना भोंगे वाजले आणि तरुण मुले तालीत काढून ठेवून गाड्यांत बसली. त्या युद्धात अडीच हजारांहून अधिक इस्राएली सैनिक पडले. आपल्या समाजातील घरेही त्यातून सुटली नाहीत. युद्धानंतर देश संतापाने पेटला होता. चूक कोणाची, हा एकच प्रश्न. त्या वेळी राष्ट्राध्यक्षांनी असे मत मांडले की दोष एकट्यादुकट्याचा नाही, आपण सगळेच भ्रमात राहिलो, सगळेच दोषी आहोत. लोकांना ते रुचले नाही. ज्यांची मुले गेली त्यांना वाटले की नेत्यांना वाचवण्यासाठी हे बोलणे आहे. वर्षभराने, १९७४ च्या डिसेंबरात, शास्त्रविषयक वार्ताहरांजवळ त्यांनी देशाला अण्वस्त्रे बनवण्याची क्षमता असल्याचे बोलून दाखवले आणि पुन्हा गहजब झाला. शास्त्रज्ञाला दिसले ते सांगण्याची सवय असते. राजवाड्यात ती सवय अडचणीची ठरते. पहिल्या मताबद्दल आम्हाला असे वाटते की ते पुरते चुकीचे नव्हते, पण ज्या आईच्या दारावर लष्करी अधिकारी येऊन गेले होते तिला ऐकवण्याची ती वेळ नव्हती.

गोल्डा मेयर यांनी १९७४ साली राजीनामा दिला, त्यानंतर यित्झाक राबिन आले. १९७७ च्या निवडणुकीत मजूर पक्ष प्रथमच हरला आणि मेनाखेम बेगिन पंतप्रधान झाले. मजूर पक्षाने निवडलेल्या या अध्यक्षाने बेगिन यांना सरकार बनवण्याचे निमंत्रण दिले, आणि सत्तेचा तो मोठा पालट शांतपणे पार पडला.

मग आली १९ नोव्हेंबर १९७७ ची रात्र. शब्बाथ संपला आणि मिसर देशाचे अध्यक्ष अन्वर सादात यांचे विमान उतरले. ज्यांच्याशी चार युद्धे झाली त्या देशाचा प्रमुख आपल्या भूमीवर पाय ठेवतो आहे, हे पाहण्यासाठी ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या घरी सारा मजला जमला होता. विमानाच्या शिडीपाशी स्वागताला राष्ट्राध्यक्ष कात्झीर व पंतप्रधान बेगिन उभे होते. सगळ्यांचे डोळे सादात यांच्यावर होते आणि ते साहजिक आहे. पण तो विमानतळ कोणता, हे ध्यानात घ्यावे. त्याला एव्हाना बेन गुरियन यांचे नाव दिले गेले होते. एरवी तो लोदचाच विमानतळ. पाच वर्षांपूर्वी जेथे त्यांचा भाऊ मारला गेला, तेथेच उभे राहून त्यांनी शत्रुराष्ट्राच्या प्रमुखाचा हात हातात घेतला.

राष्ट्राध्यक्ष निवासातील त्यांचे घरगुती जीवन सुखाचे होते असे म्हणता येत नाही. पत्नी नीना या पोलंडात जन्मलेल्या, इंग्रजीच्या शिक्षिका. भाषा शिकवण्याची स्वतःची एक पद्धत त्यांनी बसवली होती. मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांना आणि त्यांच्या बालवाचकांना राष्ट्राध्यक्षांच्या घरी बोलावण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. त्यांची मुलगी नुरित विषारी वायूच्या अपघातात गेली होती. तिच्या नावाने त्यांनी १९७८ साली यरुशलेमात एक नाट्यकेंद्र उभारले. दुसरी मुलगीही पित्याच्या हयातीतच गेली. मुलगा मेइर. नीनाबाईंची प्रकृती ढासळली तेव्हा एफ्राईम यांनी दुसऱ्यांदा उभे राहण्यास नकार दिला. १९७८ साली यित्झाक नवोन राष्ट्राध्यक्ष झाले आणि कात्झीर रहोवोतला परतले. नीनाबाई १९८६ साली वारल्या.

पदावरून उतरलेला मोठा माणूस बहुधा आठवणी लिहितो किंवा समारंभांना जातो. हे गृहस्थ पुन्हा प्रयोगशाळेत गेले, पांढरा कोट चढवला, तेल अवीव विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाच्या कामाची उभारणी केली.

आणि १९८५ साली जपानकडून निरोप आला. कोनोसुके मात्सुशिता हे नाव आपल्याला कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांचे नॅशनल पॅनासॉनिकचे रेडिओ व टेपरेकॉर्डर आपण सर्वांनी वापरले आहेत. त्यांच्या देणगीतून जपान पारितोषिक नावाचा जागतिक सन्मान स्थापन झाला होता, आणि तो पहिल्याच वर्षी ज्या दोघांना द्यायचे ठरले त्यांत अमेरिकेचे जॉन पिअर्स यांच्यासोबत एफ्राईम कात्झीर होते. काम कोणते, तर पुरचुंडीत बांधलेल्या विकरांचे. त्यांनी टोकियोतून येणारा तो सन्मान स्वीकारला.

ज्या देशाच्या तीन तरुणांनी सख्खा भाऊ मारला, त्या देशाच्या हातून मान घ्यावा काय? पुष्कळांनी घेतला नसता, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यातून योग असा की त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या तीन सैनिकांच्या मोबदल्यात जे अकराशेहून अधिक कैदी सोडण्यात आले, त्यांत तो ओकामोतोही सुटला. ज्यांची माणसे लोदला गेली त्या घरांना ती बातमी कशी लागली असेल याची कल्पनाच करावी. कात्झीर यांनी मात्र तिघांच्या पापाचा हिशोब साऱ्या जपानी लोकांच्या नावे मांडला नाही. एका निकालाने अख्ख्या समाजावर एकदम शिक्का मारला जातो तेव्हा काय होते, ते आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९६४ साली क्नेसेतने ठराव करून आपल्या बाजूने उभे राहीपर्यंत लग्नाच्या नोंदणीला गेलेल्या आपल्या मुलामुलींना आजीपणजीच्या वंशाचे दाखले मागितले जात होते. कात्झीर यांच्या या कृतीचे मोल आपल्या लोकांना इतरांपेक्षा जरा जास्त कळावे, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

आज मराठी माणसालाही जपान परका राहिलेला नाही. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा भागात निशी-कसाई नावाची वस्ती आहे. २००० सालच्या आसपास संगणकाच्या कामासाठी गेलेली भारतीय कुटुंबे तेथे स्थायिक झाली, आणि त्यांच्यातलेच एक मराठी गृहस्थ, योगेंद्र पुराणिक, २०१९ साली एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. आपण लोद, रामले, बेर शेवा येथे आलो तेव्हा आपल्यालाही शेजाऱ्यांनी प्रथम असेच दुरून पाहिले होते. पुढे तेच मलिद्याच्या ताटाला बसू लागले.

उतारवयात त्यांचा एक संबंध आपल्या मुंबईशीही अप्रत्यक्षपणे आला. १९८६ ते १९९० या काळात ते जागतिक ओ. आर. टी. संघटनेचे अध्यक्ष होते. मुंबईला वरळीच्या ओ. आर. टी. मध्ये ज्यांनी हातकाम, यंत्रकाम शिकून मग इकडची वाट धरली, त्यांच्यापैकी काही जण ही स्मरणिका वाचत असतील. हातात कसब असलेला ज्यू मुलगा कोठेही उपाशी राहू नये, या हेतूने रशियात १८८० साली सुरू झालेली ती संस्था. कीवमध्ये जन्मलेल्या माणसाने तिचे अध्यक्षपद भूषवावे हे शोभण्यासारखेच होते.

नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचे मन संस्थेच्या प्रयोगशाळांत असे. ३० मे २००९ रोजी रहोवोत येथील राहत्या घरी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. इंग्रजी तारीख पाहिली तर ती अहारोन यांच्या मृत्यूचीच. मध्ये सदतीस वर्षे. इब्री पंचांगाप्रमाणे मात्र दोघा भावांचे दिवस वेगळे पडतात. एफ्राईम गेले तो सिवान महिन्याचा सातवा दिवस, शावुओतच्या दुसऱ्या दिवशीचा शब्बाथ. अहारोन सूर्यास्तानंतर मारले गेले, म्हणून त्यांचा दिवस सिवानचा अठरावा. हश्काबा म्हणायची झाली तर धाकट्याची आधी येते, आणि अकरा दिवसांनी थोरल्याची.